पुनर्विकासात जाणारे घर आणि वापरातील जुनी यंत्रे: कोणती ठेवावीत?

अंगणवेल

पुण्यातील आमची तळमजल्यावरची जुनी जागा पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. मधला काळ भाड्याच्या दोन खोल्यांत काढावा लागेल आणि त्यानंतर मिळणारी सदनिका चौथ्या किंवा पाचव्या मजल्यावर असेल. मागचे छोटे अंगण आणि प्रशस्त माजघर यांमुळे आजवर ज्या वस्तूंच्या जागेचा प्रश्नच आला नव्हता, त्यांचा आता प्रथमच विचार करावा लागत आहे.

अडचण अशी की यांपैकी बहुतेक वस्तू अडगळीतल्या नाहीत. सासूबाईंचे पायाने चालवायचे शिवणयंत्र आजही नियमित चालते. पडद्यांच्या कडा, उशांचे अभ्रे, जुन्या साड्यांच्या गोधड्या हे सारे त्यावरच होते. थंडीच्या दिवसांत न्हाणीचे पाणी अंगणातील तांब्याच्या बंबात तापते. भिंतीवरच्या लोलकाच्या घड्याळाला दर रविवारी चावी दिली जाते. स्वयंपाकघरातील फ्रीज तीस वर्षांपूर्वीचा असून तो अजून थंड करतो, आणि छताचे पंखे तर त्याहूनही जुने आहेत. सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ मात्र काही वर्षे झाकून ठेवलेला आहे. तो पुन्हा सुरू करावा अशी त्यांची इच्छा आहे. याशिवाय गोल तबकडीचा दूरध्वनी आहे, ज्याच्या जोडणीचे पुढे काय होणार हे आम्हाला कळत नाही.

भावनिक मूल्य आम्ही जाणतो, त्यामुळे ‘आठवण म्हणून ठेवा’ किंवा ‘दिवाणखान्यात शोभेला ठेवा’ असे सल्ले कृपया नकोत. वापरायचे म्हणून काय ठेवावे, कशाचे सुटे भाग आणि कारागीर अजून मिळतात, कोणती वस्तू उंच इमारतीतील बंद घरात धोक्याची ठरेल आणि कोणती केवळ सवयीमुळे चालू आहे, एवढेच जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी या वस्तू स्वतः हाताळल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दुहेरी टाका

ताई, मी सोलापुरात शिवणाचे वर्ग घेते, म्हणून केवळ शिवणयंत्राविषयी लिहिते. ते ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. सुईखालची सरकती पट्टी बाजूला करून आत डोकवा. आत गोल बॉबिन आणि तिची गोल डबी दिसली तर निश्चिंत राहा, कारण या पद्धतीची बॉबिन, डबी, शटल आणि सुया आजही शिवणसाहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. त्याऐवजी बारीक, लांबट बॉबिन आणि होडीच्या आकाराचे शटल दिसले, तर यंत्र बरेच जुन्या घडणीचे आहे. ते चालेल, पण शटल झिजल्यावर दुसरे मिळवणे कठीण जाईल.

हे यंत्र कालबाह्य म्हणवले जात असले, तरी त्याच्या आतील काम कालबाह्य झालेले नाही. वरचा दोरा सुईने खाली न्यायचा, शटलने त्याचा फासा बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवायचा आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर अडकवायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्थिरावली. एलायस हाऊ यांचे पेटंट १८४६ चे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे आहे. आज विजेवर चालणारे साधे घरगुती यंत्र घेतले तरी तेही याच रीतीने टाका घालते. म्हणूनच एका बाजूने चपट्या दांडीची जी सुई नव्या यंत्राला लागते, तीच सासूबाईंच्या यंत्रालाही बहुधा लागत असेल: पातळ कापडाला ११ क्रमांकाची, नेहमीच्या सुती कापडाला १४ आणि गोधडी किंवा जीनसारख्या जाड कापडाला १६ किंवा १८.

पायाने चालवण्याचा फायदा केवळ वीज वाचवण्यापुरता नाही. कोपऱ्यावर वळताना, काज घेताना किंवा गोधडीचे चार थर एकावर एक आले असताना एकेक टाका मोजून घालता येतो, कारण वेग पूर्णपणे पावलाच्या ताब्यात असतो. विजेच्या स्वस्त यंत्रात कमी वेगाला जोरही कमी पडतो आणि नेमक्या जाड जागी सुई अडते. अर्थात मर्यादाही सांगायला हव्यात. हे यंत्र सरळ टाकाच घालते. नागमोडी शिवण किंवा इंटरलॉक त्यावर होत नाही, आणि ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडावर त्याचा टाका तुटतो. घरात मुलांचे टी-शर्ट शिवायचे असतील, तर त्यासाठी हे यंत्र उपयोगाचे नाही.

भाड्याच्या घरात जागा नसेल तर स्टँड आणि वरचे यंत्र वेगळे करा. वादी चाकावरून उतरवून यंत्र मागे कलवले की खाली दोन बिजागऱ्या दिसतात; त्यांचे स्क्रू सैल केले की यंत्र उचलून निघते. हाताच्या चाकाला आरे असतील तर त्यावर हातमशीनचा दांडा बसवून लाकडी तळपाटावर ते तात्पुरते चालवता येते. भरीव चाकाला मात्र हा दांडा बसत नाही. पुढे गुडघे दुखू लागल्यास मागच्या बाजूला छोटी मोटर बसवण्याची सोय आहे, पण म्हणून स्टँड भंगारात देऊ नका. वादी चामड्याची असेल तर ती पावसाळ्यात सैल पडते, तेव्हा थोडा तुकडा कापून तारेचा आकडा पुन्हा अडकवावा. तेल यंत्राचेच घालावे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची यंत्रे काही महिन्यांत चिकटून बसलेली मी पाहते.

मध्यम लहरी

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती: सासऱ्यांना आनंद व्हावा म्हणून कोणीही तो रेडिओ झाकण काढून थेट विजेला जोडू नये. अनेक वर्षे बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत सर्वांत आधी खराब होतात ते कंडेन्सर. वीजपुरवठ्याच्या भागातील मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात आणि मेण लावलेले कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. एकदम पूर्ण विद्युतदाब मिळाला की कंडेन्सर फुटतो आणि त्याच्याबरोबर रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा भाग) किंवा ट्रान्सफॉर्मरही जळतो. कंडेन्सर बिघडला तर थोडक्या पैशांत बदलता येतो, पण ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. जाणकार दुरुस्तीकार म्हणून अशा रेडिओला प्रथम शंभर वॉटच्या जुन्या तारेच्या दिव्यामार्फत, म्हणजे दिवा मालिकेत जोडून वीज देतात; दिवा लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे हे रेडिओला इजा न होता कळते.

दुसरी बाब जिवाशी संबंधित आहे. त्या काळी काही रेडिओ ‘एसी/डीसी’ प्रकारचे असत, कारण काही शहरांत घरोघरी डीसी वीजपुरवठा होता. या रेडिओंत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतील लोखंडी चासी (सांगाडा) थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर संपूर्ण चासी जिवंत होते. बाहेरचे बटण निघून नुसता धातूचा दांडा उघडा पडला असेल, तर तो पिरगाळणाऱ्याला झटका बसू शकतो. ट्रान्सफॉर्मर असलेल्या रेडिओतही आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि रेडिओ बंद केल्यावरही तो काही काळ कंडेन्सरमध्ये टिकतो. त्यामुळे हे काम घरच्या उत्साही मंडळींचे नाही.

व्हॉल्व्हची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. चांगला व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकतो आणि बंद रेडिओचे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते. शिवाय यात एक गंमत आहे. ध्वनी वाढवणारा ‘ईएल ८४’ हा व्हॉल्व्ह गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये लागतो म्हणून आजही युरोपात नवा तयार होतो. रेडिओलहरी पकडणारा ‘ईसीएच ८१’ मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो. आपल्या रेडिओत कोणते क्रमांक आहेत ते पाहून घ्या.

आता खरा प्रश्न: सुरू झाल्यावर ऐकायचे काय? आपल्याकडे एफएमची सुरुवातच १९७७ मध्ये मद्रासला झाली, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक देशी रेडिओंवर एफएम पट्टा नाही. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर एफएमवर आहे, ती यावर लागणार नाही. लघुलहरींवर पूर्वी जगभरातील केंद्रे लागत, त्यांतील बरीच आता बंद झाली. बीबीसीची हिंदी लघुलहर सेवाही जानेवारी २०२० अखेर थांबली. राहता राहिल्या मध्यम लहरी. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ हे स्थान सासऱ्यांना तोंडपाठ असेलच. रात्री आकाशातील आयनांचा खालचा थर विरला की मध्यम लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबवर पोहोचतात, आणि मग नागपूरच्या ५८५ सारखी दूरची केंद्रेही चढउतार होत कानी पडू शकतात.

परंतु उंच इमारतीत रेडिओचा शत्रू वेगळाच असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि वायफायचे अॅडॉप्टर यांच्यातील वेगाने चालू-बंद होणारे परिपथ नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात घरघर उत्पन्न करतात, आणि काँक्रीटमधील सळ्या बाहेरून येणारा संदेश क्षीण करतात. जुन्या घरात रेडिओ स्वच्छ ऐकू येत होता तो केवळ रेडिओ चांगला होता म्हणून नव्हे. भोवतालची वीजही शांत होती. नव्या घरात रेडिओ खिडकीजवळ ठेवून बाहेर काही मीटर तार सोडता आली, तर बराच फरक पडेल. पूर्वी भिंतीवर तांब्याच्या जाळीची एरियल पट्टी ताणत असत, तीही चालेल, पण ती बाहेरच्या भिंतीलगत हवी.

माझा सल्ला असा: जाणकार दुरुस्तीकार मिळाला तर कंडेन्सर बदलून रेडिओ अवश्य सुरू करून घ्या आणि तो संध्याकाळी तास-दोन तास ऐकण्यासाठी ठेवा, रोजच्या ऐकण्यासाठी सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली एरियल असते, त्यामुळे तो नुसता फिरवून घरघर कमी होणारी दिशा शोधता येते. व्हॉल्व्हच्या बहुतेक रेडिओंत ही सोय नाही. आणि कपाटात टपाल कार्यालयाच्या शिक्क्यांचे रेडिओ-परवान्याचे पुस्तक सापडले, तर ते रद्दीत देऊ नका. रेडिओ ऐकण्यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागत असे, यावर नातवंडांचा एरवी विश्वास बसत नाही.

हिशेबी

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मला थोडा वेगळा सूर लावणे आवश्यक वाटते. ‘अजून चालते’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज उच्चारले जाते आणि त्याच्यामागे विजेचे बिल लपते. शिवणयंत्र आणि घड्याळ वीज घेत नाहीत, रेडिओ घटकाभर लागणार. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न फ्रीज आणि पंखे यांचा आहे, कारण ही यंत्रे दिवसाचे कितीतरी तास, फ्रीज तर अहोरात्र, चालू असतात.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. जुना पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॉट घेतो आणि आजचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. चार पंखे असतील तर आकडा आपणच काढावा. ‘जुन्या पंख्याची मोटर भक्कम असते, पुन्हा वाइंडिंग केले की नवी’ हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो खराही आहे, पण भक्कम मोटर जास्त वीज खाते ही बाब त्याने बदलत नाही.

फ्रीजची गोष्ट अधिक गंभीर आहे. तीस वर्षांपूर्वीच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा ‘आर-१२’ हा वायू असतो. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि त्यानुसार विकसनशील देशांनीही या गटातील वायूंचे उत्पादन २०१० पर्यंत थांबवले. आज गळती झाली तर दुरुस्तीकार दुसराच कोणतातरी वायू भरून देईल. पण कॉम्प्रेसर आणि त्यातील तेल ज्या वायूसाठी घडवलेले आहे तो तर नसेल. शिवाय दाराचे रबर कडक झाले असेल तर थंडी सतत बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. दाराच्या फटीत कागद धरून दार लावावे. कागद विनासायास ओढून निघाला तर रबर गेले असे समजावे. हा फ्रीज घर हलवताना सोबत नेऊ नये, आणि तो दारावर येणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नये, कारण त्याने नळी तोडताच उरलेला वायू हवेत जातो. नवा घेताना जुना परत घेणारे विक्रेते किंवा ई-कचऱ्याचे अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्र, हेच दोन मार्ग योग्य आहेत.

बंबाविषयी तर चर्चाच नको. चौथ्या मजल्यावर लाकूड पेटवणे म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात धूर आणि स्वतःच्या घरात विषारी वायू. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.५८ युनिट इतकीच उष्णता लागते. दोन किलोवॉटचा गीझर हे काम सतरा-अठरा मिनिटांत करतो. एवढ्यासाठी राख कोण काढणार?

माडाखाली

हिशेबी यांचा आकडा बरोबर आहे आणि उंच इमारतीविषयीचा त्यांचा निष्कर्षही मला मान्य आहे. तरीसुद्धा ‘चर्चाच नको’ हे मान्य नाही, कारण आमच्या रत्नागिरीकडे गीझर असलेल्या घरांतही बंब पेटतो आणि त्याला कारण आहे.

बंबाची रचना ज्याने प्रथम केली त्याला उष्णतेचे चांगले ज्ञान असले पाहिजे. चुलीवर हंडा ठेवला की जाळ बाजूंनी निसटतो आणि निम्मी ऊब वाया जाते. बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी. आमच्याकडच्या बंबाला बाजूला नरसाळे आहे, ज्याची नळी पार तळापर्यंत जाते, आणि गरम पाण्याची तोटी वरच्या अंगाला आहे. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतले की ते तळाशी उतरते, आणि तेवढेच गरम पाणी, जे हलके म्हणून वर जमलेले असते, तोटीतून बाहेर पडते. गार पाणी घातल्याशिवाय गरम पाणी मिळत नाही, ही काही बंबाची अडवणूक नव्हे. त्यामुळेच बंब कायम भरलेला राहतो आणि कोरडा पडून जळत नाही. ज्या बंबांना तळाशी नळ असतो त्यांत ही सोय नाही; त्यांत पाणी संपले आणि जाळ राहिला की सांध्यांचा डाग, म्हणजे धातूचा जोड, वितळतो. कथिल आणि शिसे यांच्या मिश्रणाचा डाग दोनशे अंशांच्या आतच पातळ होतो, आणि लाकडाच्या जाळाला तेवढे तापमान म्हणजे काहीच नाही. तांब्याला काही होत नाही, सांधे मात्र सुटतात.

इंधनाविषयी बोलायचे तर आमच्याकडे ते विकत घ्यावे लागत नाही. नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्यांची थाटे, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या हे सारे परसात पडतेच आणि ते कुठेतरी लावावेच लागते. कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार युनिट उष्णता असते. तिच्यातला थोडाच भाग पाण्यापर्यंत पोहोचला तरी आंघोळी उरकतात. पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तेव्हा गीझर असलेली घरे शेजारच्या बंबाकडे बादली पाठवतात. म्हणजे बंब टिकला आहे तो इंधन, मोकळी जागा आणि विजेचा लहरीपणा या तिन्ही गोष्टी इथे आहेत म्हणून. पुण्यात सदनिकेत यांतली एकही नसेल, तर तो तिथे टिकणार नाही, हे सरळ आहे.

ताई, धुराविषयी हिशेबी यांनी जे म्हटले त्यात भर घालतो. जळत्या लाकडापेक्षा धुमसणारे निखारे अधिक घातक असतात, कारण अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला रंग किंवा वास नसतो. ‘जाळ विझला आहे, आता नुसती ऊब आहे’ असे समजून बंब बंद न्हाणीघरात कधीही ठेवू नये, भाड्याच्या घरातही नाही. गच्चीवर ठेवण्याची कल्पना कोणी सुचवेल. ती सोसायटीच्या परवानगीशिवाय करू नका, आणि चार मजले बादल्या उतरवणार कोण, हाही प्रश्न आहेच.

गावाकडे घर असेल तर बंब तिकडे पाठवा. नसेल आणि विकायचाच असेल, तर थेट मोडीच्या भावाने देऊ नका. आपल्याच शहरात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे दाखवून आधी सांधे आणि तोटी ठीक आहेत का ते पाहून घ्या. चालू बंबाला अंगण असलेले घर गिऱ्हाईक म्हणून मिळते, आणि तोच खरा उपयोग आहे. बंब कापून त्याच्या कुंड्या करून घेणारे लोकही आहेत. त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.

जुने एक्स्चेंज

दूरध्वनी खात्यात नोकरी केली असल्याने तबकडीच्या दूरध्वनीविषयी थोडक्यात लिहितो. तांब्याच्या तारेवरील जोडणीचा मोठा गुण असा की यंत्राला लागणारी वीज, सुमारे ४८ व्होल्ट डीसी, एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून त्याच तारेने येते. घरातील वीज गेली तरी दूरध्वनी चालतो तो यामुळे. नव्या इमारतीत जोडणी बहुधा प्रकाशतंतूची मिळेल. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, त्यामुळे घरातील पेटीला वीज नसेल तर दूरध्वनीही बंद. म्हणजे क्रमांक तोच राहिला आणि यंत्रही तेच राहिले, तरी ते ज्या कारणासाठी ठेवले जाते ते कारण उरत नाही. पेटीला छोटी बॅटरी जोडल्यास काही तास निभावते.

तबकडी फिरवल्यावर तार जितक्या वेळा तुटून जोडली जाते, त्यावरून अंक ओळखला जातो. अनेक नव्या पेट्यांना ही भाषा कळत नाही, त्यांना केवळ बटणांचे सूर कळतात. अशा वेळी तुमच्या यंत्रावर आलेले फोन घेता येतील, पण करता येणार नाहीत. वृद्ध माणसांच्या घरात हा फरक आधीच समजून घ्यावा.

लंबक

घड्याळ निःसंकोच ठेवा. ते भिंतीवरची हातभर जागा घेते आणि कोणाकडे काही मागत नाही. हलवताना मात्र लोलक प्रथम काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर ज्या पातळ पट्टीवर तो टांगलेला असतो ती वाकते किंवा तुटते. कमान (चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग) भरलेली असताना आतले यंत्र कोणालाही खोलू देऊ नका. ती सुटली तर बोटांना गंभीर इजा होते.

नव्या भिंतीवर ते सुरुवातीला मागेपुढे जाईल, त्याचा अर्थ ते बिघडले असा नाही. आधी कान देऊन ऐका: टिक आणि टॉक यांतील अंतर समान हवे; लंगडत असेल तर घड्याळ किंचित डावी-उजवीकडे कलवून पाहा. मग लोलकाखालच्या नटाने वेळ लावा. लोलकाची प्रभावी लांबी साधारण २५ सेंटीमीटर असेल, तर एका मिलिमीटरच्या फरकाने दिवसाला सुमारे तीन मिनिटे मागेपुढे होतात, म्हणून नट एकदम फार फिरवू नये. नट वर घेतला की घड्याळ पुढे जाते. ठोके चुकले तर मोठा काटा उलटा फिरवण्याचा मोह टाळा.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. फ्रीज आणि पंखे जुन्या घरातच सोडायचे, हे आज घरात ठरले. हिशेबी यांचे कागदाचे परीक्षण सासूबाईंच्या देखत केले आणि कागद सहज निघाला, त्यामुळे वाद झाला नाही. शिवणयंत्राची पट्टी सरकवून पाहिली, आत गोल बॉबिन आहे आणि हाताच्या चाकाला आरेही आहेत. बंबाच्या बाबतीत माडाखाली यांच्या सल्ल्याप्रमाणे तांबट आळीत जाऊन येईन. वाई तालुक्यातील नणंदेच्या घरी अंगण आहे, तिने तो मागितलाही आहे. तबकडीच्या दूरध्वनीचा निर्णय जोडणी कोणती मिळते ते कळल्यावर घेऊ.

रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ, प्लग काढून ठेवून, उघडून पाहिली. एका कोपऱ्यात जड चौकोनी ट्रान्सफॉर्मर दिसतो. व्हॉल्व्हवर काजळी आणि धूळ आहे. दुरुस्तीकार कोल्हापूरला मिळाला आहे, पण रेडिओ तिथे पाठवावा लागेल. व्हॉल्व्ह काढून वेगळे पाठवावेत की जागेवरच ठेवावेत? आणि ते आधी पुसून घेऊ का?

मध्यम लहरी

ट्रान्सफॉर्मर दिसत असला तरी सासऱ्यांना सांगून ठेवा की पाठ उघडी असताना प्लग लावायचा नाही. तो एसी रेडिओ असण्याची शक्यता अधिक आहे, पण खात्री दुरुस्तीकारच करील.

व्हॉल्व्ह अजिबात पुसू नका. काचेवरील क्रमांक साध्या शाईसारख्या रंगात छापलेले असतात आणि ओल्या फडक्याने, कधी नुसत्या बोटानेही, ते नाहीसे होतात. मग आतील रचना पाहून व्हॉल्व्ह ओळखत बसावे लागते. आधी प्रत्येकाचे छायाचित्र घ्या आणि कोणता क्रमांक कोणत्या खोबणीत आहे, याचा आराखडा कागदावर काढून पाठीच्या आतल्या बाजूला चिकटवा. मालवाहतुकीने पाठवणार असाल तर व्हॉल्व्ह काढून प्रत्येक वेगळा गुंडाळा. काढताना काच पिरगाळू नका, तळाशी धरून सरळ वर ओढा. कोणी स्वतःच्या गाडीने मांडीवर घेऊन जाणार असेल, तर ते जागेवरच राहू द्या आणि लाउडस्पीकरच्या कागदी शंकूला मागून काही टोचणार नाही, एवढे पाहा.